यानातली माणसं परत येतात

आये, तुम्हांला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहिताना शब्द जपून वापरत नाही. काल पुन्हा एक विज्ञानकथा वाचली. भिकार होती. नवरा मरतो, बायको यंत्राचं बटण दाबते आणि दुसऱ्या कुठल्यातरी जगातला तोच नवरा दारात हजर. लिहिणाऱ्याच्या घरातलं कुणी गेलेलं नसणार. गेलं असतं तर त्याला कळलं असतं, की तो दुसरा नवरा आपल्याला नको असतो. त्याच्या पायांना आपल्या तोंडवलीच्या किनाऱ्याची वाळू लागलेली नसते.

तुमचा मुलगा समुद्रावरून आला नाही, तेव्हापासून मी हे वाचते. वादळानंतर होडी सापडली, तो नाही. माझी शाळा चौथीत सुटलेली. आपल्याकडे भाड्याने राहणारे मास्तर बदली होऊन जाताना पडवीत दिवाळी अंकांचा गठ्ठा टाकून गेले होते, त्यातून अक्षरं लावत गेले. संसाराच्या गोष्टी मी सोडून द्यायचे. त्यांतल्या बायका दोन पानं रडून तिसऱ्या पानावर शहाण्या व्हायच्या. ग्रहताऱ्यांच्या गोष्टींत निदान 'बिचारी' म्हणत चहा पिऊन जाणारे पाहुणे नव्हते.

त्या दिवसांतली एक दुपार अजून दिसते. तुम्ही विळीवर बांगडे कापताय. सुतक तुम्ही मानलेलंच नाही. "तुझो घो खंय आसा ता ठाव नाय, आणि तू कागद चाळतंस गो?" असं म्हणता. तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून मी हातातली गोष्ट सांगते. एक यान इतक्या लांब जातं, की आतल्या माणसांचे काही महिने होतात आणि इथे माणसं म्हातारी होतात. यानातली माणसं परत येतात ती तरणीच.

विळी थांबते. "म्हणजे मेले नाय ते?"

"नाय."

"खरा मा?"

"छापलेला आसा," मी तिरसटपणे म्हणते.

पुढच्या आठवड्यात भावकी आली. देह मिळत नाही तेव्हा दर्भाचा पुतळा करून जाळतात, ते करून घ्या म्हणाली. मलाही तेच हवं होतं. मी सवाष्ण नव्हते, विधवाही नव्हते, आणि मला एकदा चारचौघांत मोठ्याने रडायचं होतं. तुम्ही खळ्यात उभ्या राहून म्हणालात, "माझो झील ताऱ्यार गेलो आसा. येतलो. पुस्तकात लिवलेला आसा."

चुलत सासरे हसले. "वयनी, आकाशात रापणीचा जाळा कोण ओढता गे?" सगळेच हसले. हीच माणसं कुणाच्याही घरी गरुडपुराण ऐकायला पुढे बसायची. गाईचं शेपूट धरून वैतरणी ओलांडणारा आत्मा त्यांना पटतो, ताऱ्यावर गेलेला मुलगा पटत नाही. ती जेवणासाठी आली होती आणि जेवण लांबलं होतं, एवढंच त्यांचं दुःख.

त्या संध्याकाळी तुम्ही मला सगळी गोष्ट वाचायला लावलीत. मी अडखळत वाचली. "आवशीक वळाखल्यान तेणा?" तुम्ही मध्येच विचारलंत. पुढची ओळ वाचली. गोष्टीतला नायक परत येतो तेव्हा त्याची आई कधीच मेलेली असते. लेखकाने तिला एका वाक्यात संपवलं होतं आणि लगेच नायकाला नव्या ग्रहावर पाठवलं होतं. असल्या लेखकांना मी अजून माफ केलेलं नाही.

सकाळी तुम्ही चुलत सासऱ्यांना बोलावून म्हणालात, "दर्भ हाडा, पुतळो करा. तो येतलो तेवा मी नसतलंय. मगे ह्या चेडवान एकट्यान कितकी वर्सां वाट बघूची?" ते पुन्हा हसायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "दात दाखवू नको. जेवाण मेळतला तुका."

इतकी पुस्तकं वाचली, पण एवढं नीट वाचणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. हे मी तेव्हा म्हटलं नाही आणि आता तुम्ही गेल्यावर कुठे पाठवायचीही सोय नाही. हा कागद माझ्याकडेच राहील.

एक सांगायचं राहिलं. पुतळा उचलून नेला तेव्हा बायका माझ्याभोवती रडत होत्या आणि मीही रडत होते, जसं हवं होतं तसं मोठ्याने. पण आतल्या आत मी मोजत होते, तो तरणाच परत आला तर तेव्हा माझं वय किती असेल. अजून मोजते.