होडीची वेळ नऊ

मंगळवार, संध्याकाळ

ताई आज आरोंद्याच्या जेटीवर दोन तास बसून राहिली. खाडीपलीकडे गोव्यात तिच्या नोकरीचा पहिला दिवस होता. एसटी आणि होडीच्या वेळा एकत्र दाखवणारं ॲप बघून निघाली होती. त्यातली होडीची वेळ मीच भरलेली. नऊ.

होडीवाल्या बाबीकाकांना विचारूनच भरली होती. ते म्हणाले, "फाल्या नऊक सुटतली." फाल्या म्हणजे उद्या, फक्त उद्या. मी रोजचे नऊ धरले. आज नऊला सुकती होती, पाणी ओसरलेलं, होडी चिखलात. भरतीची वेळ रोज सरकते, हे मला, खाडीकाठच्या माणसाला, कुणी सांगायला हवं होतं?

दुपारी ताईला तिकडून फोन आला, आता येऊ नका म्हणून. ती भांडली नाही. "नऊ तूच घातलंस मां रे?" एवढंच विचारलं आणि साडी बदलायला गेली. भांडली असती तर... माहीत नाही. काहीच वाटत नाहीये.

आत्ता ॲपमधला वेळा भरायचा फॉर्म पुन्हा उघडला. वेळेची चौकट रिकामी ठेवली, पुढे जाईना. 'भरतीप्रमाणे' लिहिलं, तर आकडाच मागते.

पुन्हा नऊ लिहिले.