पाटल्यांचा जोड

गुरुजी, तुमच्या पाटल्या बावीस कॅरेटच्याच आहेत. तुम्ही तसं सांगितलंच होतं. मला आज दुपारी वणीच्या सराफा लाइनीत कळलं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तुमच्या लेकीला जाऊन येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील. हे ज्यांना सांगायचं ती दोन्ही माणसं नाहीत, म्हणून तुमचा सातवीतला विद्यार्थी आणि पुढे झालेला जावई कागद घेऊन बसला आहे.

आर्णीच्या शाळेत कवितेचा तास असला की तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचात. डस्टरनं ठेका धरायचात आणि खडूची भुकटी तुमच्या काळ्या टोपीवर बसायची. बाहेर कापसाच्या गाड्या जात असायच्या, त्यांच्या बैलांच्या घुंगरांशी तुमची चाल कधी कधी जुळून यायची आणि तुम्ही मध्येच थांबून हसायचात. "तू म्हण रे," असं माझ्याकडे बोट करून म्हणायचात, "अर्थ मागून येईल, घाई नको. आधी नीट ऐक." त्या एका "तू"साठी मी आदल्या दिवशी सगळी कविता पाठ करून ठेवायचो. अजूनही सकाळी फिरायला निघालो की त्याच कविता तोंडात येतात. कडवी मागेपुढे होतात, पण चाल तुमचीच असते.

लग्नाच्या आदल्या दिवसाची सकाळ मात्र मी कधी मुद्दाम आठवली नाही. आज आठवतो आहे. तुमच्या ओसरीवर सतरंजी घातलेली आहे, तिच्या अर्ध्या भागावर ऊन आलेलं आहे. माझे वडील कचेरीतले, शिक्का पाहिल्याशिवाय कागदावर विश्वास न ठेवणारे. त्यांनी आपला सोनार सोबत आणला आहे. त्याच्या पुढ्यात काळा दगड आणि तेजाबाची लहानशी बाटली. लेकीला द्यायच्या पाटल्या तुम्ही रुमालातून काढून ठेवता आणि म्हणता, "बावीसच्या आहेत." पाटल्यांवर वेल कोरलेली, प्रत्येक वळणावर एक कळी. सोनार पाटली उचलतो, आणि मागे उभा असलेला मी म्हणतो, "नक्षीवर नका घासू, वेल पुसल्या जाईल. जोडाकडून घासा न."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हीही पाहिलंत, आणि मला वाटलं तुम्हाला बरं वाटलं असावं, आपला पोरगा वेलीला जपतो म्हणून. पाटलीची दोन टोकं जिथं जोडलेली होती तिथंच सोनारानं ती दगडावर ओढली. पिवळी रेघ उमटली. त्यावर तेजाबाचा थेंब पडला आणि रेघ फिकी होत गेली. "अठराच्या वर नाही," तो म्हणाला. माझ्या काकांनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "काहो मास्तर, पोट्ट्यायले मार्क वाढवून देता, तसं सोनंबी वाढवून सांगता का?"

लोक हसले. मी हसलो नाही, पण वेलीकडे पाहत राहिलो. तुम्ही एवढंच म्हणालात, "दुकानदाराच्या शब्दावर घेतलं. तपासलं नाही, ही माझी चूक." मग तुम्ही आत गेलात आणि येताना तळहातावर सासूबाईंच्या मोत्याच्या कुड्या घेऊन आलात. कमी पडलेल्या सोन्याची भरपाई. वडिलांनी त्या कागदात बांधून घेतल्या. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकताना सासूबाईंनी दोन्ही कानांवरून पदर ओढून घेतला होता, आणि तो सारखा घसरत होता.

त्या दिवसापासून तुम्ही मला "अहो" म्हणायला लागलात. "या जावईबापू, बसा, पाणी घ्या." जावई म्हटल्यावर अहोजाहो होतंच, असं मी स्वतःला समजावलं. पण माझ्यासमोर तुम्ही पुन्हा कधी एकही कविता म्हटली नाहीत, याची समजूत मला घालता आली नाही. तुमच्या लेकीनं पाटल्या लग्नापुरत्या घातल्या आणि नंतर डबीत ठेवल्या. नागपंचमी नाही, मुलाची मुंज नाही, कधीच नाही.

वणीत सोनं तपासायची मशीन आली तेव्हा ती एकदा म्हणाली होती. तूर निवडत होती, मान खालीच होती. "एकदा दाखवून या न त्या पाटल्या. बाबा खोटं बोलणारे नव्हते हो." आणि मी मोठ्या मनानं म्हणालो, "कायले? मले त्याचा काही फरक पडत नाही." तिनं सुपातले दोन खडे काढून बाजूला ठेवले आणि पुन्हा विषय काढला नाही. मी तुम्हाला केव्हाच माफ केलं आहे, असं मी समजत होतो, गुरुजी. तिला माझी माफी नको होती. तिला कुणीतरी पाहून यायला हवं होतं.

आज मशीनवर एक बाई होत्या. त्यांनी पाटली आत ठेवली, झाकण लावलं, आणि पडद्यावर बावीस कॅरेट आलं. मला खरं वाटेना. मी म्हणालो, बाई, इथं जोडावर पाहा, इथं घासल्याची जुनी खूण आहे. त्यांनी पाहिलं. तिथं अठरा आलं. मी म्हणालो, पाहा, म्हटलं होतं न. त्या हसल्या. "काका, जोडावर कधी पाहू नाही. जोडासाठी हलकं सोनं भरते सोनार, ते पाटलीच्या आधी वितळते न. कोणाचीबी पाटली तिथं कमीच दाखवते." मग त्यांनी वेलीवर चार ठिकाणी तपासून दाखवलं. चारही ठिकाणी बावीस. वेलीला काही झालं नाही. मी खुर्चीवर बसलो, त्यांनी पाणी दिलं.

आमच्या सोनाराला हे माहीत नसेल असं नाही. पण त्याला तिथं घासा म्हणणारा मी होतो. तुम्हालाही ते ऐकू आलं होतं. तुम्ही सासूबाईंना सांगितलंत का, लेकीला सांगितलंत का, की जागा कुणी दाखवली? सांगितलं नसणार. नाहीतर तिनं एखाद्या वेळी तरी, भांडणात का होईना, मला ऐकवलं असतं.

पाटल्या परत घरी आणल्या आहेत. पाकिटावर "गुरुजी, आर्णी" एवढं लिहिलं आणि थांबलो. तिथल्या पोस्टात आता एवढ्यावर तुमचं घर दाखवणारा कोणी उरलेला नाही. कागद घडी करून डबीखाली सारतो.

एक राहिलं. वर वाचून असं वाटेल की मी आज तुमच्यासाठी, निदान तिच्यासाठी तरी गेलो होतो. तसं नाही. नातीचं लग्न आहे, तिला नवीन पद्धतीचा हलका सेट हवा आहे, आणि जुन्या पाटल्या कोण घालतं म्हणून मी त्या मोडायला नेल्या होत्या. मोडीत घेण्याआधी ते तपासतातच, म्हणून तपासल्या गेल्या.