पहिल्या बेसवरचा निकाल

शनिवार, ३ फेब्रुवारी १९४५

शी! बेसबॉल म्हणे! बावीस वर्षं शाळेत ड्रिल शिकवली आणि आता मिशनच्या अमेरिकन साहेबाने मला पहिल्या बेसवर अंपायर म्हणून उभं केलंय. आउट असेल तर मूठ वर. सेफ असेल तर दोन्ही हात आडवे पसरायचे — मळ्यात पाखरं हाकल्यासारखे! बायका कुंपणापाशी उभ्या राहून हसतात.

साहेबाची एक गोष्ट मात्र पटली. पळणाऱ्याचा पाय आणि चेंडू दोन्ही एकदम बघता येत नाहीत. म्हणून डोळे बेसवर ठेवायचे आणि चेंडू बेसवरच्या खेळाडूच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज कानाने टिपायचा. आवाज आधी, तर आउट. पाय आधी, तर सेफ.

मंगळवार, ६

छगन घड्याळजीने फसवलं! दुरुस्त करून दिलेलं घड्याळ चालतंय, पण टिकटिक गेली. कानाशी धरलं तर मढ्यासारखं गप्प. त्याला विचारलं तर म्हणे, "वेळ बरोबर दाखवतंय ना, मास्तर? मग झालं!" निर्लज्ज.

शनिवार, १०

शिसारी आली या खेळाची.

आमची शाळा विरुद्ध छावणीचा मोटारखाना. आमचा शिपाई बन्सी पळत आला, बेसवर पाय टेकला. माझ्या उजवीकडे प्रेक्षकांचा नुसता कल्ला — पण चेंडूचा आवाज नाही म्हणजे नाही. मी हात पसरले. सेफ!

बेसवरचा त्यांचा खेळाडू, कारभारी नावाचा पाथर्डीकडचा मेकॅनिक, चेंडू माझ्या नाकापुढे नाचवतो! "मास्तर, चेंडू आधी आला हुता. येवढा आवाज झाला, तुमी ऐकला न्हाई व्हय?" मागून कोणी ओरडलं, "अंपायर शाळेचाच!"

बन्सी सेफ, म्हणून तिसऱ्या बेसवरून आलेल्या आमच्या गड्याची धाव धरली गेली आणि आम्ही त्याच एका धावेने जिंकलो. मला पक्षपाती म्हणतात! मला!

रविवार, ११

साहेबाला चिठ्ठी दिली. कारभारी खोटारडा आणि उद्धट आहे, तुम्ही निवडलेल्या, पुण्याला सामन्यांसाठी जाणाऱ्या टीममधून त्याचं नाव काढा. तिथे जाणाऱ्यांना छावणीच्या वर्कशॉपात कायम करणार आहेत. असल्या माणसाला कायम?

मंगळवार, १३

नाव काढलं. संध्याकाळी कारभारी बायकोला घेऊन दारात. छबूबाई रडत होती, "गावाकडं काय बी न्हाई, मास्तर. येवढी नोकरी जाऊ देऊ नका."

तो म्हणाला, "वरडलो त्याची माफी मागतो. पन चेंडू आधी आला हुता."

माफी मागायला येऊनही खोटंच! दार लावून घेतलं.

गुरुवार, १५

टीम सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. सुटलो.

शुक्रवार, १६

इंदूने घड्याळ सहज कानाशी धरलं. "अहो, वाजतंय की!"

मी डाव्या कानाला लावलं. गप्प. उजव्याला लावलं. टिकटिक, टिकटिक.

शनिवारी बेसकडे माझा डावा कान होता.