स्वयंपाकघरावरचं उघडं छत

आई, घर दुरुस्तीला काढलंय. वरच्या मजल्याचा आवाज खाली येऊ नये म्हणून माझ्या खोल्यांचं छत बंद करून घेतोय. जुन्या तुळयांना रबर लावलेल्या पट्ट्या अडकवायच्या, मध्ये गादीसारखे लोकरीचे थर भरायचे आणि खालून दुहेरी बोर्ड ठोकायचे. हट्ट माझाच. दादा गेल्यापासून वर वहिनी एकट्याच असतात. गांधीबागेतल्या दुकानांचे ब्लाऊज शिवतात, आणि त्यांची मशीन नेमकी माझ्या टेबलाच्या डोक्यावर चालते. भाषणाची टिपणं काढायला बसलो की वाक्य अर्ध्यात तुटतं.

तू होतीस तेव्हा हेच फळ्यांचं छत आम्हाला बोलवायचं. वर तुझा स्वयंपाक झाला की तू बत्ता दोनदा जमिनीवर आपटायचीस आणि बाबा खालून झाडूच्या दांड्यानं उत्तर द्यायचे. एकदा स्पर्धेसाठी मी घसा ताणून भाषण पाठ करतोय, आणि तू जिन्यात येऊन उभी. "तुझा आवाज तं वर येऊन राहिला गा, पण काय म्हणतं ते काही समजून नाही राहिलं." मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

परवा वहिनी त्याच जिन्यात उभ्या होत्या. "भाऊजी, चौकात लोकाईले सांगता, शेजाऱ्याचं दुःख ऐका. अन् घरी कान बुजवून राहिले?"

"छत माझ्या घराचं आहे, वहिनी."

"हो ना. मंग एवढं सांगा, मागच्या उन्हाळ्यात मी चक्कर येऊन पडली, तं तुमाले कसं समजलं?"

धप्प आवाज ऐकूनच मी धावलो होतो. तरी म्हणालो, "आता फोन आहे ना."

"पडल्यावर फोन काय चालत येते हातात?" त्या वर गेल्या. भर सभेत कुणी उलट प्रश्न केला तर मी त्याला सोडत नाही. त्या दिवशी दार लावून घेतलं.

आज सकाळी दोन्ही खोल्यांचं छत बंद झालं, माझं स्वयंपाकघर तेवढं राहिलं. मिस्त्री चहाला गेले. मी पांढऱ्या छताखाली मान वर करून उभा. काहीच ऐकू येत नाही. मशीन थांबलीय, की चालू असून कळत नाहीये? हाक मारली. माझाच आवाज खोलीत फिरून परत आला. मग जिना चढलो, दोन-दोन पायऱ्या, या वयात. मशीनपाशी कुणी नाही. स्वयंपाकघरात कुणी नाही. वहिनी गच्चीवर वड्या उलटत होत्या.

"काहून धापा टाकून राहिले, भाऊजी?"

"मीठ आहे का?"

"बाप्पा! मिठासाठी एवढी पळापळ?" त्यांनी वाटीभर मीठ दिलं. मी ते घेऊन खाली आलो.

मिस्त्रीला सांगितलं, स्वयंपाकघराचं छत राहू द्या. तो वैतागला. "साहेब, एवढं सोडलं तं बाकीचं करून काय फायदा? आवाज इथूनच शिरते."

"ओल आहे तिथं. वाळू द्या."

त्यानं फळीवर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेले बोर्ड बाहेर नेले.

वहिनींनाही ओलीचंच सांगितलं. ऐकून घेणं हाच अर्धा न्याय, असं मी माइकवर ठासून सांगतो, आणि ते मला आजही खरं वाटतं. पण 'तुम्ही पडलात तर मला कळायला हवं' एवढं त्या जिन्यात तोंडातून निघालं नाही. तुला लिहिलेला हा कागद वर नेऊन वहिनींना द्यावा असंही वाटलं. नेणार नाही. तुला सांगतो, आई, छत कोरडं आहे.