वैशालीचा गुडघा

८ फेब्रु., रवि.
सरावानंतर सरांनी दोघींनाच थांबवलं, मला आणि वैशालीला. कंपनीच्या कबड्डी संघात आता जुन्या अशा आम्हीच. किन्हवलीची स्पर्धा झाली की सीझन संपला. पुढच्या सीझनला कंपनी दोघींपैकी एकीलाच ठेवणार, दुसरीनं निवृत्ती घ्यायची. सत्कार, शाल वगैरे. बोलताना सर मॅटकडेच बघत होते.
मुरबाड स्टँडवर वै. म्हणाली, "तूच रहा गो, तुझे पाय अजून शाबूत हायेत." हसली. मला हसू नाही आलं.

११, बुध.
कपडे बदलताना बघितलं. वै.चा उजवा गुडघा हा एवढा सुजलेला. वरून पट्टा, त्यावर लेगिंग. म्हणून हल्ली ती पकडीला खाली वाकत नाही! मी डाव्या कोपऱ्यात, ती शेजारी, तिचा हात माझ्या हातात. इतकी वर्षं साखळी धरतोय आणि मला कळू नये...
"डाक्टरला दाखवलंस?"
"स्पर्धेनंतर. कोनाला बोलू नको, शपथ हाय."
मी शपथ घेतली नाही. नाहीही म्हटलं नाही.

१३, शुक्र.
ह्यांना सांगितलं. ह्यांचं सरळ. "सांग ना सरांना. तुझी जागा पक्की."
तेच तर नडतंय. सांगितलं तर सगळे हेच म्हणणार, जागेसाठी सांगितलं. रात्री पडल्या पडल्या मीसुद्धा.

१४, शनि.
म्हसा गावाला, वै.च्या घरी गेले. सासू चहा देऊन आत गेली. मग भांडलो, आवाज न चढवता.
"माझं ठरलंय," वै. म्हणाली. "सोडनार हाय मी. तूच रहा. पन मला मॅटवरून जायचंय, बाकड्यावरून नाय."
"आनि पाय गेला तर?"
"पाय माझा हाय."
"भात लावायला कोन वाकनार? पोरीला कडेवर कोन घेनार?"
"तू माझी सासू हायस का?"
चहा तसाच राहिला.

२१, शनि. किन्हवली
उपांत्य सामना जिंकलो. आपलं गाव, आपलं मैदान, माझ्या नावानं आरडाओरडा. शेवटी शेवटी एका पकडीत वै. पडली. टाळ्या वाजवतच उठली, पण ओठ पांढरे. खाली पडताना गुडघ्यातून काहीतरी वाजलेलं मी ऐकलं. की भास?
नंतर सर आले. तिला नाही, मला विचारलं. "सुरेखा, वैशालीचा पाय ठीक आहे ना?"
वै. पलीकडे पाण्याची बाटली घेऊन उभी. माझ्याकडे बघत होती.
"नाही सर," मी म्हटलं.
बास. एवढंच बोलले. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि पाठ फिरवली.

२२, रवि.
फायनल. वै. बाकड्यावर. माझ्या शेजारी दुसरी मुलगी, तिचा हात घामानं निसटतोय. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं पुढे. चढाई करणारी थेट माझ्या कोपऱ्यात घुसली. मी घोट्यावर झडप घातली, घोटा मिळालासुद्धा. पण शेजारून आधार उशिरा आला. आम्हा दोघींना ओढत ती मध्यरेषेला टेकली. दोन गुण गेले. हरलो.
बक्षिसांच्या वेळी सरांनी माइकवरून वै.ची निवृत्ती जाहीर केली. दोनदा नाव पुकारलं. ती केव्हाच रिक्षानं निघून गेली होती. शाल ताटातच.

२५, बुध.
वै. फोन उचलत नाही. सरांचा आला, "तुझं नाव पाठवतोय, सोमवारी हो म्हणून कळव." संघाच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं, 'मिळाली ना जागा'. लगेच पुसलं. मी वाचलं होतं.

१ मार्च, रवि.
न राहवून म्हशाला. वै. ओट्यावर पाय लांब करून वाल सोलत बसलेली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी पण बसले सोलायला. कल्याणला ऑपरेशन करायचंय, हे सासूकडून कळलं.
मग वै. बोलली. "घोटा नाय, मांडी धरायची व्हती."
"तू नव्हतीस ना शेजारी."
"नव्हते, का तू ठेवली नाय मला?"
मी पुढची शेंग उचलली.
"सरांना हो सांगितलंस?"
"नाय. नकोच म्हननारे. तुला बसवून मी कशी खेळू?"
तिनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे लाल. "मग मला बसवलंस कशाला गो? दोघीबी घरी बसायला?"
भिंत धरून उठली, लंगडत आत गेली. रागानं म्हणाली, का मी खेळावं म्हणून म्हणाली, कळलं नाही. हाक मारली. आतून भांड्यांचा आवाज. मी राहिलेले वाल सोलून ठेवले आणि निघाले.
उद्या सोमवार. सरांना काय सांगायचं, ते अजून ठरलं नाही.