तिसऱ्या शिटीला

ईडन प्रेरी, मंगळवार, संध्याकाळ

ही गेल्यापासून हिचा कुकर या घरात वाजलाच नव्हता. मुलगा-सून विजेच्या भांड्यात भात करतात. आज शिटी ऐकली आणि वाटलं, कुणीतरी वरण लावलंय. तिसऱ्या शिटीला सवयीने उठलो आणि शेगडी बंद केली.

नीलेश धावत आला. "बाबा, बंद का केलंत? अजून बराच वेळ ठेवायचा होता!"

आत वरण नव्हतंच. काचेच्या बंद बरणीत गांजा! सूनबाईच्या पाठीसाठी. आधी असा तापवायचा, मग लोण्यात घालून बिस्किटं करायची. इथे कायद्याने चालतं म्हणे. खरंच चालतं ना? पोलीस आले तर?

सूनबाई सोफ्यावरूनच हसली. "बाबा, तुमच्या वरणाला फोडणी कशाची देऊ आता?" हसतानाही कळ आली तिला. माझ्यामुळे तिचं औषध बिघडलं तर?

नीलेशने कुकर परत लावला. मी शेजारी बसलो, हात मांडीखाली दाबून. शिटी झाली, परत झाली. तिला लवकर बरं वाटू दे, असं मनापासून म्हणतोय. पण ती बरी झाली की कुकर पुन्हा फडताळात जाईल, हेही मनात येतंच. कसला माणूस झालोय मी.