गिनीपिगचं पळणं

बाळा,

"आई, त्या उंदराला पिंजऱ्याबाहेर काढू नकोस, पिसाळल्यासारखा पळतो," असं तू बजावलं होतंस. तू कामावर गेलास की मी आणि सूनबाई गिनीपिगला रोज सोडतो. ते घरभर गरागरा फिरतं, मधेच टुणकन उडी मारतं. ते आनंदाचं पळणं, हे तिनेच मला शिकवलं. दारात तुझी किल्ली वाजली की मात्र ते सरळ पलंगाखाली पळतं आणि निपचित बसतं. तीही हसता हसता गप्प होते. काल तर तुझा हात उठायच्या आधीच तिने डोळे मिटले.

तुझ्या आयुष्यासाठी धरलेला उपास मी आज सोडला, पोटभर जेवले. तिला माहेरी पोचवीन, असा शब्द दिलाय. पिंजरा मी उचललाय, ती चपला घालतेय.

आई